मदत हवी आहे: शुक्रवारी फौंड्रीत मुलाखत, काम येतं पण बोलता येत नाही

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवतात तिथं) क्वालिटीसाठी, म्हणजे माल तपासायला, बोलावलंय. डिप्लोमा मेकॅनिकल, नंतर अडीच वर्षं उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपला मशीनिंगसाठी येणारं कास्टिंग (ओतीव भाग) तपासतोय.

मागच्या महिन्यात गोकुळ शिरगावला एके ठिकाणी फजिती झाली, म्हणून विचारतोय. व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) दिला, बरोबर वाचला. मग साहेबांनी टेबलावर एक हाऊसिंग (यंत्राचं ओतीव कवच) ठेवलं. फेसवर ज्वारीच्या दाण्याएवढी चार-पाच भोकं, आतून गुळगुळीत. हे तर मी रोज बघतो! ब्लो होल, म्हणजे गॅसनं पडलेलं भोक. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं, वाफेला वाट मिळाली नाही. पण प्रश्न इंग्रजीत आला, मीही इंग्रजीत सांगायला गेलो आणि "सँड... वॉटर..." एवढ्यावरच अडकलो. साहेब "ओके" म्हणाले आणि कागद उलटला.

सरळ मराठीत बोललं तर चालतं का? दुसरं, आताचे मालक अनुभवाचा दाखला सोडल्यावर देतो म्हणतात. आणि नोकरी का सोडताय विचारलं तर दोन वर्षांत पगार वाढला नाही हे सांगावं का?

भट्टीवाला:
मोल्डिंगवरचा (साचे बनवणारा) माणूस तुझ्याशी इंग्रजीत बोलणार आहे होय? सुरुवातीलाच विचार, "सर, मराठीत सांगितलं तर चालेल का?" मी मुलाखती घेतो, मला यात काही वावगं वाटत नाही. कस्टमर ऑडिटला इंग्रजी लागतं, तेवढ्यापुरती तीन-चार दोषांची वाक्यं तयार ठेव.

खरी गोची वेगळी आहे. दोष सांगितलास, कारण सांगितलंस, पण तू काय केलंस ते कुठाय? माल बाजूला काढलास, हीट नंबर (भाग कुठल्या वितळीतला ते सांगणारा) बघितलास, फौंड्रीला फोटो पाठवलास, हे बोल. आणि पाण्यावरच अडून बसू नकोस. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओल्या वाळूत) ओलावा साधारण 3 ते 4 टक्के ठेवतात, तो बरोबर असला तरी कोअर (भागातली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट भाजला नसेल किंवा व्हेंट (गॅस बाहेर जायची वाट) बुजला असेल तर भोक पडतंच. आतून गुळगुळीत म्हणजे गॅस, खडबडीत असेल तर श्रिंकेजचा (थंड होताना धातू आकसल्याचा) संशय घ्यायचा.

एचआरवाली ताई:
दाखल्याचं टेन्शन घेऊ नका. पगार बँकेत जमा होत असेल तर सहा महिन्यांचं स्टेटमेंट न्या, पीएफ कापत असतील तर त्याचं पासबुकही. पगाराचं म्हणाल तर मालकांची गाऱ्हाणी नकोत. "मशीनिंगला आलेला दोष बघितला, आता तो जिथं तयार होतो तिथं काम करायचंय" असं सांगा. तुमच्या बाबतीत ते खरंही आहे.

धागाकर्ता:
हे सुचलंच नव्हतं! भट्टीवाले दादा, बूट कुठले घालू?

भट्टीवाला:
सेफ्टी शूज असतील तर तेच. शॉपवर फिरवून आणतात, तेव्हा ओलावा ओळखायला वाळू मुठीत दाबून बघायला दिली तर हात मागं घेऊ नकोस.