शब्दचर्चा: ‘शिष्यत्व’ पूर्ण होतं का? आणि ‘परिपक्व’ म्हणावं की ‘प्रौढ’?

प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्या विश्वासणाऱ्यांसाठी एक वर्ग चालतो. त्याच्या शेवटी द्यायच्या प्रमाणपत्राचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला आहे. त्यातलं वाक्य असं: ‘यांनी शिष्यत्व यशस्वीरीत्या पूर्ण केले असून ते आत्मिक परिपक्वतेस पोचले आहेत.’ व्याकरणात खोट नाही, पण वाक्य घशाखाली उतरत नाही. ‘शिष्यत्व पूर्ण करणे’ असा प्रयोग होऊ शकतो का? आणि परिपक्वता, प्रौढता, पूर्णता यांच्या छटांत फरक काय? वर्ग घेणारे दादा म्हणतात, “शब्दांचा कीस काढू नकोस, मतलब कळतोय ना?” कळतोय, पण भलताच कळतोय अशी माझी शंका आहे.

प्रतिसाद १

ताई, शंका रास्त आहे.

‘शिष्य’ हा शब्द ‘शास्’ धातूवरून आला. शासन, शास्त्र, अनुशासन ही त्याचीच भावंडं. म्हणजे व्युत्पत्तीनं शिष्य तो, ज्याला शिकवायचं, ज्याला वळण लावायचं. यात क्रिया गुरूची आहे. बायबलच्या नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे ‘माथेतेस’. तो ‘मान्थानो’ म्हणजे ‘शिकणे’ या क्रियापदाच्या कुळातला, आणि तिथं क्रिया शिकणाऱ्याची आहे. मत्तय ११:२९ मधल्या ‘माझे जू आपणांवर घ्या व माझ्यापासून शिका’ या वाक्यातलं ‘शिका’ हे तेच क्रियापद. आजच्या कानाला ‘कडून शिकणे’ म्हणजे विषय शिकणं आणि ‘पासून शिकणे’ म्हणजे माणसाचं बघून उचलणं असं वाटतं. मला ते आवडतं, पण जुन्या मराठीत ‘पासून’ बराच सैल वापरला जाई, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये.

आता तुमचा मुद्दा. आपल्याकडच्या गुरुपरंपरेत शिष्य पुढे गुरू होतो, त्याला स्वतःचे शिष्य मिळतात. त्या अर्थानं शिष्यपण संपतं. मत्तय २३:८ मध्ये येशू नेमकी ती वरची पायरीच काढून घेतो: गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ भाऊ. वर चढायला जागाच ठेवली नाही, तर ‘पूर्ण केले’ म्हणणार कुठं उभं राहून?

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘माथेतेस’ हा शब्द चार शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) आणि प्रेषितांची कृत्ये मिळून अडीचशेहून अधिक वेळा येतो. नव्या करारातल्या पुढच्या पत्रांत एकदाही नाही. तिथं ‘बंधुजन’ आहेत, ‘पवित्र जन’ आहेत, शिष्य कुणी नाही. माझा अंदाज असा की पत्रं ज्यांना लिहिली ते लोक रस्त्यानं गुरूच्या मागं चालत नव्हते. ते संसारात होते, चाकरीत होते, कुणी गुलामगिरीत होते. त्यामुळे तिथं शिकवण येते ती राग, मजुरी, नवराबायको, जीभ, कष्ट यांबद्दल. शब्द गेला आणि गोष्ट घरात शिरली.

या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप, ‘माथेत्रिया’, सगळ्या नव्या करारात एकदाच येतं: प्रेषितांची कृत्ये ९:३६, यापोची तबीथा. तिच्या ज्ञानाबद्दल तिथं एक अक्षर नाही. ती वारल्यावर येशूचा शिष्य पेत्र येतो, तर माडीवर विधवा रडत उभ्या आहेत आणि तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवताहेत.

प्रतिसाद २

‘अनुयायी’ का नको? अनु + यायी, मागून जाणारा. ‘माझ्यामागे या’ या हाकेला शिष्यापेक्षा जवळचा. जर्मनमध्ये हेच केलंय. धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बॉनहॉफर यांच्या १९३७ सालच्या ज्या पुस्तकाचं नाव इंग्रजीत ‘शिष्यत्व’ या अर्थानं दिलं जातं, त्याचं मूळ नाव आहे ‘नाखफोल्गे’, सरळ ‘मागून जाणे’.

प्रतिसाद १ यांचं उत्तर

व्युत्पत्ती शंभर टक्के मान्य. पण आज अनुयायी म्हटलं की डोळ्यांसमोर झेंडा आणि घोषणा येतात. अनुयायी विचारांचा असतो, पक्षाचा असतो. त्याला रोज शिकावं लागत नाही, फक्त बाजू घ्यावी लागते. त्यामुळे नाम म्हणून शिष्य ठेवा, क्रियापद म्हणून ‘मागे चालणे’. लूक ९:२३ मध्ये वधस्तंभ उचलण्याबरोबर ‘दररोज’ हा शब्द आहे. मत्तय आणि मार्कात त्या वचनात तो नाही. ‘दररोज’ शेजारी असला की ‘पूर्ण केले’ आपोआप विजोड दिसतं.

प्रतिसाद ३

मी भाषा शिकवते, म्हणून दुसऱ्या भागाकडे वळते. हा भाग जास्त रंगतदार आहे.

परिपक्व: ‘पच्’ धातू, शिजणे, पिकणे. पूर्ण शिजलेला तो परिपक्व. गंमत म्हणजे ‘पोक्त’ हा फारसी ‘पुख्ता’वरून आला आणि त्याचाही अर्थ शिजलेलाच. पोक्त माणूस हा अस्सल बोलीतला शब्द आहे, त्यात सबुरी आणि शहाणपण दोन्ही येतात. पण पोक्तपणा बहुतेक वयाबरोबर येतो असं आपण धरून चालतो. आत्मिक बाबतीत वय हा पुरावा नाही. तीस वर्षं त्याच बाकावर बसून तस्सेच राहिलेले लोक सगळ्यांनी पाहिलेत.

मुरलेला: हा चुकूनही वापरू नका. ‘मुरलेला विश्वासणारा’ म्हटलं की समितीच्या निवडणुकीत तरबेज असलेला गृहस्थ समोर येतो. पाणी कुठं तरी मुरतंय, ही छटा त्या शब्दाला चिकटलीच आहे.

प्रौढ: बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरातला हा शब्द. इब्री ५:१४ मध्ये जड अन्न प्रौढांसाठी. १ करिंथ १४:२० मध्ये दुष्टपणाबाबत तान्ही मुलं व्हा, समजुतीबाबत प्रौढ व्हा. शब्द चांगला आहे, पण त्याच्या पोटी एक अवलक्षणी लेक जन्मली आहे: प्रौढी. प्रौढी मिरवणे म्हणजे बढाई मारणे. भाषेनं हे आपसूक टिपलंय. आपण प्रौढ झालो असं जो सांगत सुटतो, त्याची प्रौढी होते.

पूर्ण: ‘जसा तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा’ (मत्तय ५:४८). यातला ‘पूर्ण’ आणि इब्री ५:१४ मधला ‘प्रौढ’ हे दोन्ही एकाच ग्रीक शब्दाचे अनुवाद आहेत: ‘तेलेइओस’. ‘तेलोस’ म्हणजे शेवट, साध्य. ज्यासाठी घडवलं त्याला पोचलेलं ते तेलेइओस. निर्दोष असा अर्थ घेतला की माणूस हात टेकतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १८ व्या शतकात या शब्दावर पुष्कळ लिहिलं आणि वारंवार बजावलं की पूर्णता म्हणजे अज्ञान, चूक किंवा मोह यांतून सुटका नव्हे. मन प्रीतीनं भरलेलं असणं, एवढाच त्यांचा रोख.

आता हाच शब्द याकोबाच्या पत्रात कुठं येतो पाहा. ३:२. जो बोलण्यात चुकत नाही तो तेलेइओस. उपास किती केले, अध्याय किती पाठ, याचा उल्लेख नाही, कसोटी जिभेची. म्हणून मला मंडळीतल्या एका शब्दप्रयोगाबद्दल बोलायचंय: ‘प्रार्थनेचा विषय’. प्रार्थनासभेत कुणी तरी खालच्या आवाजात म्हणतं, “अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, विषय जरा नाजूक आहे.” दुसरी विचारते, “का, काय झालं?” मग पंधरा मिनिटं सविस्तर विषय आणि दोन मिनिटं प्रार्थना. चहाडीला इतका सोज्वळ शब्द दुसरा मिळणार नाही. माझ्या माहितीतल्या एक बाई अशा वेळी मधेच म्हणतात, “नाव देवाला ठाऊक आहे, आपण सुरू करू या,” आणि डोळे मिटतात. चिडत नाहीत, उपदेश करत नाहीत. याकोबाचा तेलेइओस मला तिथं दिसतो, वर्गाच्या हजेरीपटात दिसत नाही.

प्रतिसाद ४

वर्ग मीही घेतो, म्हणून दादांच्या वतीनं थोडं. तुम्ही सगळे मिळून वाढ मोजायचीच नाही असं ठरवताय का? इब्री ५:१२ मध्ये लेखक स्पष्ट रागावतो: एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होतात, आणि अजून दुधावरच आहात. म्हणजे काळ जातो तशी वाढ दिसली पाहिजे, ही अपेक्षा आहेच. ‘आम्ही काय, जन्मभर शिकाऊच’ हे नम्रपणाचं वाक्य आळशालाही फार सोयीचं पडतं. आणि ‘गुरू होऊ नका’ म्हणणारा प्रतिसाद १ हे वचन कुठं बसवणार?

प्रतिसाद १ यांचं उत्तर

सर, ठोसा बरोबर बसला. तरी दोन्ही वचनं शेजारी ठेवून वाचता येतात. मत्तयात पदवीला नकार आहे, इब्रीत कामाची मागणी. शिकवणं हे काम शिष्यालाही करावं लागतं. मत्तय २८:२० तर शिष्यांनाच सांगतं की लोकांना सर्व पाळायला शिकवा. ‘पाळायला’ शिकवा हे विशेष. नुसती माहिती देऊन ते होत नाही. शिकवणाऱ्याला आधी स्वतः पाळत असलेलं दिसावं लागतं.

मोजायचं तर इब्री ५:१४ मध्येच माप दिलंय: सरावानं बरंवाईट ओळखू लागलेली इंद्रियं. तिथलं ग्रीक क्रियापद ‘गुम्नाझो’, ज्याच्या कुळात आजचं जिम येतं. १ तीमथ्य ४:७ मध्ये तेच क्रियापद आहे आणि आपल्या भाषांतरात त्यासाठी झकास शब्द आलाय: ‘सुभक्तीविषयी कसरत कर.’ दुर्दैवानं आज कसरत म्हटलं की तारेवरचीच आठवते. मी तरुणांसमोर ‘सराव’ म्हणतो. सरावाला तारीख लागते, वेळ लागते, चुकल्यावर परत सुरू करावं लागतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मजकूर असा बदलला: ‘यांनी शिष्यवर्गाची सर्व सत्रे पूर्ण केली आहेत.’ सत्रं पूर्ण होऊ शकतात, शिष्यत्व नाही. परिपक्वतेचं अर्धवाक्य काढलं. दादा थोडे नाराज आहेत, पण म्हणाले, “जागा तरी वाचली.” आता वर्गाच्या पुस्तिकेच्या शीर्षकाचा प्रश्न उरतो. ‘आत्मिक वाढ’ चालेल ना? की ‘आध्यात्मिक’?

प्रतिसाद ५

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे दोन्ही ऐकू येतात. आधी ‘वाढ’बद्दल. हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत नेमका शब्द, कारण ‘वाढणे’ हे करून दाखवायचं काम नाही. मार्क ४:२७ मधला माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळतसुद्धा नाही. १ करिंथ ३:६ मध्येही लावणारा पौल (ते पत्र लिहिणारा), पाणी घालणारा त्याचा सहकारी अपुल्लोस, वाढवणारा देव.

मराठीत मात्र ‘वाढणे’ची दुसरी बाजू आहे. ‘ती वाढली’ आणि ‘तिनं वाढलं’. पहिल्यात कर्त्याला ‘ने’ लागत नाही, दुसऱ्यात लागतो, कारण ते पानात वाढणं आहे. यातून गूढ अर्थ काढायचा नाही, पण मला लगेच संत बेनेडिक्ट यांची ६ व्या शतकातली नियमावली आठवली. ते मठाला ‘प्रभूच्या सेवेची शाळा’ म्हणतात, आणि त्या शाळेत स्वयंपाकघराची पाळी आठवड्याआठवड्यानं सगळ्यांवर येते. आजारी किंवा महत्त्वाच्या कामात असलेल्यालाच सूट. आठवडा संपताना पाळीवाल्यानं शनिवारी हातपाय पुसायची फडकी धुवायची, नव्या पाळीवाल्याबरोबर सर्वांचे पाय धुवायचे आणि भांडी स्वच्छ, न फुटलेली अशी कोठारप्रमुखाला परत करायची. कोठारप्रमुखाला वेगळी ताकीद: मठातली सगळी भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजायची. वाढ कशात पाहायची हे इतकं बारकाईनं लिहिलेलं मी दुसरीकडे फारसं वाचलेलं नाही.

प्रतिसाद ३

‘आत्मिक’ की ‘आध्यात्मिक’ याचं उत्तर राहिलंच. मराठी वाचकाला ‘आध्यात्मिक’ म्हटलं की स्वतःच्या आत उतरणं, ध्यान, संसाराकडे थोडी पाठ असं काही तरी वाटतं. पौलाचा त्यासाठीचा ग्रीक शब्द ‘न्यूमाटिकोस’ पवित्र आत्म्याशी जोडलेला आहे. १ करिंथ ३:१ च्या मराठीत ‘आध्यात्मिक’ असलं तरी त्याच्यासमोर विरोधी शब्द ‘दैहिक’ आहे आणि तिसऱ्या वचनात त्या दैहिकपणाची लक्षणं दिली आहेत: हेवा आणि कलह. शरीराचा, पैशाचा, स्वयंपाकाचा तिथं संबंध नाही. त्यामुळे मंडळीबाहेरचे लोकही पुस्तिका वाचणार असतील तर ‘आध्यात्मिक’ लिहून पहिल्या पानावर एक ओळ खुलासा द्या. मंडळीपुरतीच असेल तर ‘आत्मिक वाढ’ पुरे. फक्त ‘आत्मीक’ असं दीर्घ लिहू नका, ‘त्मि’ ऱ्हस्वच.