राकूफचा आश्रयदाता कोण, बाप की मुलगा?

पांझराकाठ, धुळे
राम राम मंडळी. एम.ए. इतिहासाच्या सेमिनारसाठी पोलंडमधल्या राकूफ या गावावर तक्ता करतोय. हाताशी असलेल्या टिपणात लिहिलंय, "यान श्येन्येन्स्की या युनिटेरियन सरदाराने सोझिनीसाठी राकूफ वसवलं." (युनिटेरियन म्हणजे देव एकच, त्रैक्य नाही असं मानणारे; सोझिनी हा त्याच विचाराचा इटालियन धर्मचिंतक.) हे बरोबर आहे का? आणि या विचाराचं एवढं नावाजलेलं केंद्र १६३८ मध्ये एकाएकी बंद कसं पडलं?

तापीकाठ, भुसावळ
भाऊ, ते वाक्य आख्खं काढून टाका. यान हा झार्नूफचा कॅस्टेलन, म्हणजे तिथला मानाचा राजअधिकारी, आणि स्वतः कॅल्विनपंथी, म्हणजे त्रैक्य मानणारा प्रोटेस्टंट. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) नाकारणाऱ्या पोलिश ब्रदरन पंथाची होती त्याची बायको, याद्विगा ग्नोयिन्स्का. गाव वसलं १५६७–६९ दरम्यान आणि फाउस्तो सोझिनी पोलंडात आला १५७९ मध्ये, मग त्याच्यासाठी वसवणार कसं? उलट पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून पंथाने त्याला रीतसर सभासदही करून घेतलं नाही. १६०४ मध्ये तो वारला. राकूफची प्रश्नोत्तरी, म्हणजे पंथाची शिकवण सांगणारं पुस्तक, छापून आली १६०५ मध्ये, तीही पोलिशमध्ये. लॅटिन आवृत्ती १६०९ ची.

बापाने जागा दिली, पण पंथाचा खरा आधार मुलगा याकुब. तो १६०० च्या सुमारास स्वतः पंथात आला आणि १६०२ मध्ये त्याने अकादमी काढली.

गिरणाथडी, चाळीसगाव
बंद का पडलं ते सांगतो. आधी एक, तक्त्यात 'इनाम गाव' लिहू नका. इनामात राज्य महसूल सोडतं. राकूफ सरदाराच्या वंशपरंपरागत मालकीचं होतं. प्रार्थनाघर, शाळा, छापखाना, सगळं त्याच्या शब्दावर चाले. १५७३ च्या वॉर्सा करारात सरदारांनी धर्मावरून एकमेकांचा छळ न करण्याची हमी दिली होती, तीच या गावाची ढाल.

पण सगळं एका धन्यावर उभं, म्हणून धन्याला कोंडीत पकडलं की गाव हाती आलं. १६३८ मध्ये अकादमीच्या काही विद्यार्थ्यांनी वाटेवरच्या क्रुसावर दगड मारले. मुलांपुरती शिक्षा करून विषय संपला असता, पण प्रकरण थेट सेय्मसमोर, म्हणजे संसदेपुढे नेलं आणि जाब म्हाताऱ्या याकुबला विचारला. अकादमी, छापखाना, प्रार्थनाघर तिन्ही बंद करण्याचा हुकूम झाला. पुढच्याच वर्षी याकुब वारला.

तापीकाठ, भुसावळ
यात एक भर. १६३८ ला राकूफ बंद झालं, पंथ नव्हे. पंथाला देशाबाहेर काढण्याचा ठराव १६५८ चा: कॅथलिक व्हा, नाहीतर मालमत्ता विकून निघा. मुदत आधी तीन वर्षांची होती, ती कमी करून १० जुलै १६६० केली. १६३८ आणि १६५८ ही दोन सालं वेगवेगळ्या रंगात लिहा, परीक्षक नेमके इथेच अडवतात.