फायबरग्लासच्या दोन आसनी विमानाला रेडिओचा अँटेना: पोटाखाली व्हिप की शेपटीत डायपोल?

उडती_घार
नमस्कार मंडळी. हातबांधणीच्या दोन आसनी विमानात बोलण्यासाठीचा व्हीएचएफ रेडिओ बसवायचा आहे, ताकद ६ वॅट. धड आणि शेपटी फायबरग्लासची, फक्त पंखातला स्पार (मुख्य आडवा दांडा) कार्बन फायबरचा. पोटाखाली वाकडा व्हिप (एकच बारीक दांडी) लावावा की उभ्या शेपटीच्या आत डायपोल (मध्यात केबल जोडलेल्या दोन भुजा) चिकटवावा? आत ठेवला तर हवेचा अडथळा नाही, पण पल्ला घटेल का? केबल साधारण ४.५ मीटर लागेल. आरजी-५८ जातीची केबल पुरेल का?

मिलीओहम
शेपटीत डायपोल, शंकाच नको. व्हिप म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे त्याच्या बुडाखालचा पत्रा. तुमच्याकडे पत्राच नाही, तो तांब्याच्या पट्ट्यांनी तयार करावा लागेल. विमानाचा बोलण्याचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ. मधल्या १२७ ला तरंगलांबी २.३६ मीटर, तिचा पाव भाग ५९ सेमी. म्हणजे बुडापासून चारी दिशांना तेवढ्या लांबीच्या किमान चार पट्ट्या हव्यात, आणि अरुंद पोटात त्या सरळ बसतच नाहीत. पट्ट्या टाळून नुसता व्हिप लावला की केबलचं बाहेरचं आवरणच त्या पत्र्याचं काम करू लागतं. मग माइकमध्ये शिट्टी येते आणि इंजिनाचे काटे बोलताना नाचतात.

डायपोलला १२ मिमी रुंदीची तांब्याची पट्टी घ्या. दोन्ही भुजा ५७ सेमीच्या कापून सुरुवात करा. फायबरग्लासला चिकटल्यावर अनुनाद (ज्या फ्रिक्वेन्सीवर अँटेना जुळतो ती) खाली सरकतो, म्हणून दोन्ही टोकांकडून सारखंच, ५-५ मिमी कापत जा. शेवटी भुजा ५२ सेमीच्या आसपास येते. शेपटी उंचीला कमी पडली तर पट्टीची टोकं वळवा, मध्य वळवू नका, कारण प्रवाह मध्यात सर्वांत जास्त असतो. केबल मध्यातून काटकोनात किमान ५० सेमी न्या आणि जोडाशीच तिच्यावर तीन फेराइट कडी चढवा, म्हणजे आवरणावरून प्रवाह वाहणार नाही. रडरची (शेपटीच्या हलत्या पात्याची) पोलादी दोरी आणि शेपटीच्या दिव्याची तार भुजांना समांतर जाऊ देऊ नका.

पल्ल्याचं म्हणाल तर तो मुख्यतः उंचीवर ठरतो: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, उत्तर सागरी मैलांत. १००० फुटांवर ३९, ३००० फुटांवर ६७. मात्र डायपोल उभाच हवा. जमिनीवरचे अँटेना उभे असतात. तुमचा आडवा बसला तर सिग्नलचा मोठा भाग वाया जातो.

पत्राकाम
तत्त्वतः मान्य, पण एक धोका सांगतो. शेपटी बंद केल्यावर आतला जोड निसटला तर पुन्हा कापाकापी. जोडाच्या जागी उघडता येईल असं झाकण ठेवा आणि केबल तिथे बीएनसी कनेक्टरने जोडा. पट्टीला केबल डाग देताना झटपट करा. आरजी-५८ मधलं पॉलिथिलीन उष्णतेने मऊ पडतं आणि मधली तार सरकून आवरणाला चिकटते. शेपटीच्या त्वचेत कुठे कार्बनचा थर आहे का, तेही आधी तपासा. कार्बन लहरी अडवतो, त्याच्या आड अँटेना आंधळाच.

पत्र्याचं विमान असेल तर मात्र बाहेरचाच अँटेना. जाडसर ब्लेड (पात्यासारखा अँटेना) पूर्ण पट्ट्यात बारीक व्हिपपेक्षा बरा जुळतो, व्हिप बुडाशी कंपनाने तुटतो. आतून त्याच जाडीचा पत्रा रिव्हेटने लावा, बुडाखालचा रंग काढा, अँटेना आणि पत्रा यांतला रोध ०.००३ ओहमपेक्षा कमी आणा. सांधायला आम्लाचा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते ॲल्युमिनियम खातं.

उडती_घार
झाकणाचं पटलं. कापताना एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळला याचं माप) किती आला की थांबायचं? आणि जीपीएसचा अँटेना डॅशबोर्डवर आहे, त्रास होईल का?

मिलीओहम
११८, १२७ आणि १३७, तिन्हींवर २:१ च्या आत आणा. २:१ ला ११ टक्के शक्ती परत येते, ३:१ ला २५. विमान हँगरबाहेर, कॅनोपी बंद, शेपटीजवळ कोणी नाही, तेव्हाच मोजा. विश्लेषक (हे माप घेणारं यंत्र) केबलच्या रेडिओकडच्या टोकाला लावाल तर आकडा खऱ्यापेक्षा किंचित चांगला दिसतो, कारण परतणारी लहर केबलमध्ये विरते. तुमच्या ४.५ मीटरमध्ये आरजी-५८ काय आणि आरजी-४०० काय, दोन्ही केबलमधली सिग्नलची घट १ डीबीच्या आत आहे. तरी आरजी-४०० घ्या: दुहेरी आवरण, आणि आतलं टेफ्लॉन उष्णतेला टिकतं.

जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकतो. १३१.२५ ची बारावी आणि १२१.१५ ची तेरावी हार्मोनिक (म्हणजे बारापट आणि तेरापट फ्रिक्वेन्सी) जवळजवळ तिथेच पडते. तुमचा अँटेना शेपटीत म्हणजे अंतर भरपूर आहे. तरी या दोन फ्रिक्वेन्सी मोकळ्या आहेत हे ऐकून प्रत्येकीवर काही सेकंद पीटीटी (बोलायचं बटण) दाबा आणि जीपीएसच्या पडद्यावर उपग्रहांच्या सिग्नलचे स्तंभ पाहा. ते कोसळले तर आधी आपत्कालीन बीकनचा अँटेना केबलपासून सोडवून पुन्हा पाहा. तो जवळ असला की हार्मोनिक तयार करून पुन्हा बाहेर फेकतो, आणि दोष उगाच रेडिओवर जातो.