नोकरी सांभाळून प्राथमिक शिक्षक होता येतं का?

मृण्मयी_क
प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण अर्धवेळ घ्यावं की नोकरी सोडून पूर्णवेळ? मी अर्धवेळच्या बाजूने आहे. पूर्णवेळची अट घातली की घर चालवणारी, लहान मुलं असणारी माणसं दारातच अडतात. दुसऱ्या क्षेत्रात काम केलेली माणसं वर्गात आली तर मुलांचं भलंच होईल. इंग्लंडमध्ये पदवीनंतरचा एक वर्षाचा शिक्षक-अभ्यासक्रम काही ठिकाणी अर्धवेळ, दोन वर्षांत करता येतो.

निशिगंध
असहमत. प्राथमिकचं खरं शिक्षण सराव पाठांत होतं आणि तिथे सलगता लागते. सोमवारी हातच्याची वजाबाकी शिकवली आणि एकाच्या वहीत ५२ − २७ = ३५ आलं. म्हणजे ते मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय, दशक-एकक पक्कं नाही. मंगळवारी काड्यांचे गठ्ठे सोडवून दाखवायचे, बुधवारी पुन्हा बघायचं. आठवड्यातून एकदा येणाऱ्याला हे मधलं काही दिसत नाही.

मृण्मयी_क
उदाहरण पटलं, निष्कर्ष नाही. ते ३५ कुठून आलं याचा विचार करायला उसंत लागते. पूर्णवेळवाला रात्री उद्याच्या पाठाचं टाचण लिहीत बसलेला असतो.

जुना_फळा
मार्गदर्शक शिक्षक म्हणून मी दोन्ही प्रकारचे प्रशिक्षणार्थी वर्गात घेतले आहेत. अर्धवेळ हा शब्द सोडा, शाळेतला काळ कसा बांधलाय ते बघा. पाणी तेवढंच असलं तरी उंच पेल्यात ते मुलाला जास्त वाटतं, हा बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंचा प्रयोग रात्री वाचूनही समजतो. सूक्ष्म-अध्यापनही (१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेलं) एका संध्याकाळी बसतं: एकच कौशल्य, छोटा पाठ, मोजके विद्यार्थी, लगेच प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं, काय नाही ते सांगणं. पण अक्षर ओळखून वाचणारं मूल आणि चित्र बघून अंदाजाने वाचणारं मूल यांतला फरक रोज कान देऊन ऐकल्याशिवाय कळत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतरचा वर्ग सांभाळणंही तसंच. अर्धवेळ जरूर करा, पण काही आठवडे सलग एकाच वर्गावर हवेतच.

निशिगंध
आणि ते सलग आठवडे रजा कोण देणार? शेवटी नोकरी सुटतेच. त्यापेक्षा पूर्णवेळ ठेवा आणि घर चालेल एवढं विद्यावेतन द्या. फिनलंडमध्ये प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. लहान मुलांना शिकवणं म्हणजे फावल्या वेळेचं काम, हा समज मोडायलाच हवा.

मृण्मयी_क
फावला वेळ? दिवसभर राबून रात्री अभ्यासाला बसणाऱ्याला असं म्हणू नये. विद्यावेतनाची मागणी मात्र मान्य, ते मिळेपर्यंत अर्धवेळची वाट बंद करू नका. @जुना_फळा, प्रवेश घेण्याआधी सलग आठवडे किती, कोणत्या इयत्तेवर आणि वर्षात केव्हा, हे लेखी मागते. रजेचं त्यावरच ठरेल.