आधी मोपाला भरवशाची बस, मग चिपीवर खर्च

सातुळी
मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ गोव्यात असला तरी महाराष्ट्राची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर आहे. ५ जानेवारी २०२३ला तिथली वाहतूक सुरू झाली. तेव्हापासून बांदा, सावंतवाडी, दोडामार्गातली माणसं मुंबई, दिल्ली, बंगळूरला तिथूनच जातात. या पट्ट्याला इतका जवळचा विमानतळ कधीच नव्हता.

अडचण आहे ती शेवटच्या वीस-पंचवीस किलोमीटरची. गोवा सरकारच्या कदंब परिवहनच्या इलेक्ट्रिक बसगाड्या विमानतळावरून म्हापसा, पणजी, कळंगुट, मडगावकडे जातात, सगळा भर दक्षिणेवर. उत्तरेकडच्या माणसाने घरची गाडी बोलवायची, नाहीतर टॅक्सी करायची. स्वस्तात तिकीट मिळालं तर कधीकधी टॅक्सीचं भाडंच त्याच्या जवळपास जातं. ज्याच्या घरी गाडी नाही त्याला विमानतळ जवळ असून उपयोग काय?

दोन्ही राज्यांनी आंतरराज्य करारात विमानतळाची फेरी घालावी आणि सावंतवाडी, कुडाळ आगारांतून विमानांच्या वेळा धरून गाड्या सोडाव्यात. आपल्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या अनुदानावर नव्याने पैसे घालण्याआधी हे व्हावं. गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात आपण पिढ्यान्‌पिढ्या जातो, तिथे हद्द आडवी आली नाही. मग विमानतळाला का यावी?

देवबाग
बसला माझा विरोध नाही, पण शेवटची अट मान्य नाही. मालवणहून चिपी पाऊण तासावर आहे आणि मोपा दोन तासांवर. देवगडच्या माणसाचं तर विचारूच नका. तुम्ही सावंतवाडीतून नकाशा बघता म्हणून मोपा जिल्ह्याचा वाटतो.

९ ऑक्टोबर २०२१ला चिपी सुरू झालं तेव्हा परुळे पंचक्रोशीतल्या लोकांनी जमिनी देऊन किती वर्षं उलटली होती ते आठवा. मुंबईची सेवा केंद्राच्या उडान योजनेत, म्हणजे छोट्या विमानतळांच्या सेवेला अनुदान देणाऱ्या योजनेत होती. त्यातलं अनुदान तीन वर्षांचं असतं, आणि २०२४च्या ऑक्टोबरात ती सेवा थांबली. हा दोष योजनेच्या आखणीचा आहे, विमानतळाचा नाही. अडीच किलोमीटरची धावपट्टी पडून ठेवायची आणि शेजारच्या राज्यात जायला बस मागायची, यात जिल्ह्याचं हित मला दिसत नाही.

सातुळी
चिपी बंद करा असं मी म्हटलेलं नाही, क्रम बदला म्हणतोय. साधारण सत्तर आसनांचं छोटं एटीआर विमान दिवसातून एकदा येणार, तेही पावसाळ्यात रद्द होण्याची धास्ती घेऊन. मोपाला एकाच शहरासाठी सकाळ-संध्याकाळचे पर्याय मिळतात. विमान कंपन्या प्रवासी जमतात तिथे जातात. कतार एअरवेजने २०२४मध्ये गोव्यातलं जुनं दाबोळी विमानतळ सोडून मोपा धरलं ते उगाच नाही. एका विमानाचं अनुदान आणि चार बसगाड्यांचा खर्च यांची तुलना तरी सरकारने लोकांसमोर ठेवावी.

वारखंड
मी गोव्यातल्या पेडणे तालुक्याचा, टॅक्सी चालवतो. आमची बाजूही ऐका.

मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे या गावांच्या जमिनी गेल्या. काजू गेले, गुरांची चरायची पठारं गेली. पठारावरची ५४ हजारांवर झाडं तोडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं. त्या बदल्यात स्थानिकांना रोजगार मिळणार, असं सांगितलं होतं. आमच्या पोरांनी कर्ज काढून टॅक्सी घेतल्या. आता समोर ॲपवाल्या गाड्या आहेत, पर्यटकाला बिनचालक भाड्याने मिळणाऱ्या गाड्या आहेत, वर पार्किंगच्या शुल्कावरून वाद आहेत. त्यात दोन राज्यांच्या बसगाड्या दारात उभ्या केल्यात तर हप्ते कोण भरणार?

टॅक्सीवाला म्हटला की लुटारू असं लिहायची सवय झालीय सगळ्यांना. तासन्‌तास रांगेत थांबून एक भाडं मिळतं आणि परतीला गाडी रिकामी येते. दर त्यातून ठरतो.

इन्सुली
सगळे प्रवाशांचाच बोलतत. थंय काम करणाऱ्यांचा काय? माझो भाचो विमानतळावर कामाक आसा. रातीची पाळी सुटता तेव्हा बस नाय, रिक्षा नाय. भर पावसात दुचाकी घेवन पत्रादेवीवरून घराक येता. त्याची आवस दाराक बसान ऱ्हवता. आमच्याकडची कितीतरी पोरां अशीच ये-जा करतत. विमान महिन्यातून एकदा पकडतलास, कामाक रोज जावचा लागता.

मडगावकर
इथे सगळे उत्तरेचाच विचार करतायत. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या माणसाला दाबोळी पाऊण तासात गाठता येतं. मोपाला जुवारीचा नवा पूल होऊनही दोन तास धरावे लागतात. दाबोळी नौदलाचं आहे, सकाळचे काही तास नागरी विमानांना बंधन असतं, हे सगळं खरं. तरी एकेक कंपनी उत्तरेला निघून चाललीय आणि दक्षिणेचा माणूस विमानतळावरून विमानतळावर फिरतोय.

मला बसपेक्षा रेल्वे महत्त्वाची वाटते. कोकण रेल्वेचं पेडणे स्टेशन विमानतळाच्याच तालुक्यात आहे. २०२३ला सुरू झालेली मुंबई–मडगाव वंदे भारत मात्र थिवीला थांबते. पेडण्याला जास्त गाड्या थांबवा, स्टेशनबाहेर विमानतळाची बस उभी करा. कुडाळ, सावंतवाडी, मडगाव, काणकोण सगळ्यांचं काम होईल. दोन राज्यांचा करारही लागणार नाही.

सातुळी
थांबे वाढवायला माझा पूर्ण पाठिंबा. पण एकेरी मार्गावर गाड्या क्रॉसिंगला थांबतात, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं वेळापत्रक लागतं. विमान पकडायला निघालेला माणूस त्या भरवशावर राहणार नाही.

वारखंड, तुमच्या जमिनींबद्दल लिहिलंत ते बरं झालं. आमच्या बाजूला ते कुणी बोलत नाही. तरी एक विचारतो. इन्सुलीचा भाचा कधी तुमचं गिऱ्हाईक होता का? चार बॅगा आणि म्हातारी माणसं घेऊन आलेलं कुटुंब बस असली तरी टॅक्सीच करणार. बसने जाईल तो आज नातेवाइकाच्या मोटरसायकलवरून जातोय.

कुडाळकर
एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, निवृत्त झालो. बस सोडा म्हणणं सोपं आहे, म्हणून थोडं लिहितो.

आंतरराज्य फेरीला दोन्ही राज्यांचं परस्पर संमतीपत्र लागतं, त्यात मार्ग आणि किलोमीटर ठरलेले असतात. ते होईल, वेळ लागेल इतकंच. खरी अडचण भारमानाची, म्हणजे गाडी किती भरते त्याची. विमान दीड तास उशिरा आलं तर गाडी उभी ठेवायची का? ठेवली तर चालक-वाहकाची ड्युटी बिघडते आणि पुढची फेरी रद्द होते, ज्यात शाळेची मुलं असतात. न थांबता सोडली तर गाडी रिकामी जाते आणि सहा महिन्यांत भारमान कमी म्हणून फेरी बंद. अशा किती फेऱ्या बंद होताना मी पाहिल्या आहेत.

माझं म्हणणं असं, की विमानतळासाठी वेगळी गाडी नकोच. सावंतवाडी–पणजी मार्गावरच्या गाड्या महामार्गाने धारगळवरून जातातच. विमानतळाचा सहापदरी जोडरस्ता २०२४मध्ये खुला झाला, तो धारगळच्या सुकेकुळणला महामार्गाला मिळतो. तिथे पक्का थांबा करा: शेड, दिवे, स्वच्छतागृह, दोन्ही परिवहन मंडळांच्या गाड्यांचा फलक. तिथून विमानतळापर्यंतच्या सातेक किलोमीटरला दिवस-रात्र फिरती गाडी ठेवा. विमान उशिरा आलं तरी एसटीचं वेळापत्रक बिघडत नाही. धारगळच्या आयुर्वेद संस्थेत येणाऱ्या रुग्णांनाही तो थांबा कामी येईल.

इन्सुली
ह्या बरा आसा. पण रातीच्या पाळीची येक गाडी बांद्यापर्यंत होयीच. शेड बांधलास म्हणान मध्यरात्री थंय कोण येतलो?

वारखंड
कुडाळकर, ती फिरती गाडी आमच्या टॅक्सींना द्या. सीटवर भाडं, दर सरकारने ठरवावा, मोठा फलक लावावा, नंबर लावून गाड्या सोडाव्यात. रांगेत ताटकळण्यापेक्षा दिवसातून चार-पाच फेऱ्या मिळाल्या तर आमची पोरं तयार होतील. ज्या गावांच्या जमिनी गेल्या त्यांना पहिला हक्क, एवढं मात्र लेखी पाहिजे. आमच्याकडे जमतील तेवढ्यांशी मी या आठवड्यात बोलतो.

देवबाग
धारगळचा थांबा जरूर करा, मी विरोधात नाही. पण मालवणचा माणूस त्या थांब्यावर पोचेपर्यंत त्याचं विमान मुंबईत उतरलेलं असेल. चिपीच्या मुंबई फेरीची मागणी आम्ही मागे घेणार नाही आणि तिला दुसऱ्या क्रमांकावरही टाकू देणार नाही.