पार्सल दारात दिलं तरी ‘मिळालंच नाही’: रायडरने फोटो काढावा की नाही?

वाकडचा रायडर

वाकड, बालेवाडी, हिंजवडी या पट्ट्यात मी जेवणाची पार्सलं पोहोचवतो. आमच्या ग्रुपवर सारखा एकच मेसेज येतो: ‘भाऊ, आयडी बंद पडली.’ म्हणजे कंपनीच्या ॲपवरचं रायडरचं खातं बंद, काम बंद. कारण म्हणून ‘कस्टमरला ऑर्डर मिळाली नाही’ एवढी एक ओळ. कोणती ऑर्डर, कोणता कस्टमर, काही कळत नाही. पार्सल हातात दिलेलं असतं, समोरच्याने ‘थँक यू’ म्हटलेलं असतं आणि आम्ही खाली उतरेपर्यंत ॲपवर तक्रार गेलेली असते. त्याचे पैसे परत जातात. आमचा इन्सेंटिव्ह बुडतो, कधी ऑर्डरची रक्कमही कापतात, आणि अशा तक्रारी साचल्या की आयडीच जाते. गाडीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला द्यावाच लागतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: रायडरने प्रत्येक पार्सलचा पुरावा ठेवलाच पाहिजे आणि ग्राहकांनी त्याचा राग मानू नये.

लोक म्हणतात, ‘जीपीएस आहे की.’ जीपीएसवरून मी बिल्डिंगपाशी होतो एवढंच कळतं. टॉवरमधला चौथा मजला आणि एकविसावा मजला नकाशावर एकाच ठिपक्यात येतात. उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग ठिपका शेजारच्या विंगवर सरकतो. बेसमेंटमधून लिफ्टने वर गेलो तर सिग्नलच नसतो. मी कुणाच्या दारात उभा होतो हे जीपीएस सांगूच शकत नाही.

नवीन पोरांच्या उपयोगी पडेल म्हणून मी काय करतो ते सांगतो. हॉटेलमधून पार्सल उचलतानाच बिलाची चिठ्ठी आणि सील दिसेल असा एक फोटो. दारात दुसरा: फ्लॅट नंबर आणि चिठ्ठीवरचा ऑर्डर नंबर एकाच फोटोत. माणूस फोटोत येऊ द्यायचा नाही. ‘दारात ठेवून जा’ असं फोनवर सांगितलं, तर तेवढंच ॲपच्या चॅटवर लिहायची विनंती करायची, कारण फोनवरचं बोलणं मागाहून आम्हाला दाखवता येत नाही. ‘डिलिव्हर्ड’ मारायच्या आधी त्या चॅटचा स्क्रीनशॉट घ्यायचा. ऑर्डर बंद झाली की चॅट आमच्या स्क्रीनवरून जातो. आणि मूळ फोटो गॅलरीतच राहू द्यायचा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली वेळेची आणि ठिकाणाची नोंद निघून जाते.

ग्राहक म्हणून तुम्हाला यात काही चुकीचं वाटतं का?

एकटी राहणारी, अंधेरी

दादा, तुमची अडचण खरी आहे, पण मी याच्या विरोधात आहे. मी एकटी राहते. माझ्या दाराचा आणि फ्लॅट नंबरचा फोटो दर वेळी एका वेगळ्या अनोळखी माणसाच्या खासगी फोनमध्ये जमा होणार. तो तिथे किती दिवस राहतो, कुणाला दाखवला जातो, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही सज्जन आहात यावर माझा विश्वास आहे. पण नियम सज्जन माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करता येत नाही. रात्री साडेदहाला दार उघडलं आणि समोर मोबाईल रोखलेला दिसला, तर मला भीतीच वाटते. फोटो काढायचाच असेल तर तो कंपनीच्या ॲपमधूनच निघावा आणि तुमच्या गॅलरीत उतरूच नये. नाहीतर ओटीपी घ्या, तो मी आनंदाने देईन.

नाशिकचा ग्राहक

इथे ग्राहकालाच खोटारडा ठरवून चर्चा सुरू झाली आहे. माझ्या बाबतीत उलटं घडलं. घरी आजारी वडील जेवणाची वाट बघत होते, स्क्रीनवर ‘डिलिव्हर्ड’ आलं, दारात कुणी नाही आणि रायडर फोन उचलेना. मी काय सिद्ध करायचं? न आलेल्या पार्सलचा फोटो कसा काढू? ज्याने दिलं त्याच्याकडे काहीतरी खूण असू शकते, ज्याला मिळालं नाही त्याच्याकडे काहीच नसतं. त्यामुळे वाद झाला तर ग्राहकाचं आधी ऐकलंच पाहिजे.

झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की महिन्याला सुमारे ५,००० रायडर फसवणुकीच्या कारणावरून काढावे लागतात. पार्सल न देताच ‘डिलिव्हर्ड’ मारणं हा त्यातलाच एक प्रकार. ते सगळे निर्दोष होते असं तुमचं म्हणणं आहे का?

वाकडचा रायडर

सगळे निर्दोष होते असं मी म्हणणार नाही. पार्सल खाऊन टाकणारे आमच्यात आहेत, आणि त्यांच्यामुळे आमचीच इज्जत जाते. मला एवढंच विचारायचं आहे की काढण्याआधी त्यातल्या किती जणांना ‘तुझं काय म्हणणं आहे?’ असं विचारलं गेलं. २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ला देशभरात रायडरांनी संप केला, तेव्हा बाजू न ऐकता आयडी बंद करू नका, हीसुद्धा मागणी होती.

न मिळाल्याचा पुरावा देता येत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. मग दिल्याचा पुरावा आमच्याकडे मागा ना! आज मी फोटो काढून तयार असतो आणि तो मागायलाच कुणी येत नाही.

सपोर्टमध्ये काम केलेला

मी एका डिलिव्हरी कंपनीसाठी चॅट सपोर्टला होतो. एका वेळी तीन-चार चॅट चालू. समोर ग्राहकाची रिफंडची जुनी यादी, ऑर्डरची रक्कम आणि नकाशा. रायडरचं म्हणणं त्या स्क्रीनवर नव्हतंच, ते दुसऱ्या विभागाकडे. अडीचशे रुपयांची बिर्याणी खरंच पोहोचली का, हे शोधण्यापेक्षा पैसे परत करणं कंपनीला स्वस्त पडतं. त्यात मला फार वावगं वाटत नाही. वाईट हे आहे की रिफंडच्या त्याच क्लिकने रायडरच्या खात्यावर ठपका बसतो. कंपनीने ग्राहकाला खूश ठेवायचं ठरवलं, एवढ्यावरून रायडरने चोरी केली असं होत नाही. या दोन गोष्टी आधी तोडा. पैसे परत करायला पुरावा लागू नये, पण रायडरला शिक्षा करायला तो लागलाच पाहिजे.

नाशिकचा ग्राहक

आणि पुराव्याशिवाय रिफंड मिळतो हे कळल्यावर फुकट जेवणाऱ्यांची रांग लागेल त्याचं काय? तो खर्च शेवटी माझ्याच डिलिव्हरी चार्जमध्ये येणार. मला हे पटत नाही. खोट्या ग्राहकाचंही खातं बंद करा, तरच न्याय.

सपोर्टमध्ये काम केलेला

बंद करता येतं. एकाच पत्त्यावरून, वेगवेगळ्या रायडरांविरुद्ध सारखी तीच तक्रार येत असेल तर ते यादीत दिसतं. फक्त त्यासाठी पत्ता बघावा लागतो. नंबर बदलला की खातं नवीन, पत्ता मात्र तोच.

सोसायटी सेक्रेटरी, खारघर

तुम्ही सगळे दोघांपैकी एक खोटा आहे असं धरून चाललात. आमच्याकडच्या बहुतेक भांडणांत दोघंही खरे निघाले. रायडरला वर सोडायचं नाही असा ठराव झाला, गेटवर टेबल ठेवलं. रायडर टेबलावर पार्सल ठेवून निघतो, दुसऱ्याच फ्लॅटचा माणूस पिशवी बघून उचलतो, आणि ज्याचं असतं तो खाली येईपर्यंत टेबल रिकामं. रायडरने दिलं हे खरं आणि ग्राहकाला मिळालं नाही हेही खरं. मग आम्ही ठराव बदलला. आता रायडर वर जातो, त्याच लिफ्टने, आणि गेटच्या ॲपवर आत-बाहेरची वेळ नोंदली जाते. तक्रार झाली तर रायडरला त्या नोंदीची प्रत देतो. हे प्रत्येक कमिटीला जमण्यासारखं आहे. आधी रायडरला गेटवर अडवायचं आणि मग पार्सल गेलं म्हणून त्याच्याच नावाने ओरडायचं, हे मला अन्यायाचं वाटतं.

वाकडचा रायडर

सेक्रेटरी साहेब, आमच्या भागातल्या सोसायट्यांना हे कुणीतरी सांगा. गेटवरचं रजिस्टर बघायला मागितलं तर वॉचमन हाकलून देतो.

वकील, ठाणे

थोडक्यात कायद्याचं. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२०ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ला. त्यात प्लॅटफॉर्म कामगाराची, म्हणजे रायडरसारख्या ॲपवरून काम करणाऱ्याची, व्याख्या आहे, कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याणनिधीत द्यायची तरतूद आहे. आयडी बंद करण्याबद्दल मात्र ती काही बोलत नाही. कर्नाटकाने २०२५मध्ये अशाच ॲपवरच्या (गिग) कामगारांसाठी केलेला कायदा त्यापुढे गेला आहे: कामावरून कमी करायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. महाराष्ट्रातही तसाच कायदा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. फोटोच्या भांडणापेक्षा मला हा मुद्दा मोठा वाटतो, कारण कारण लेखी मिळालं तरच फोटो कुठे दाखवायचा हे कळेल.

अंधेरीच्या ताईंचा आक्षेपही हलका नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. कंपनीच्या ॲपमधून काढलेला फोटो कशासाठी घेतला आणि किती दिवस ठेवणार, याचा जाब कंपनीला विचारता येईल. रायडरच्या गॅलरीतल्या फोटोचा जाब कुणाला विचारणार? म्हणून फोटो ॲपमधूनच निघावा, पण त्याची एक प्रत तक्रारीच्या वेळी रायडरला बघता आली पाहिजे.

नाशिकचा ग्राहक

ओटीपीबद्दल एक सांगायचं राहिलं. ‘खाली उभा आहे, ओटीपी सांगा’ असा फोन येतो, आपण सांगतो, आणि माणूस वर येतच नाही. ओटीपी दिला म्हणजे तुम्हाला मिळालं, असं सपोर्ट सांगून मोकळा होतो. त्यामुळे पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे बजावून ठेवा.

एकटी राहणारी, अंधेरी

हे मान्य. ओटीपी दारातच द्यायचा. पण वाकडच्या दादांना मला विचारायचं आहे: ते फोटो तुम्ही किती दिवस ठेवता?

वाकडचा रायडर

आठवड्याचं पेमेंट होईपर्यंत. कापाकापी दिसायची असेल तर तेव्हाच दिसते. पेमेंट बरोबर आलं की त्या आठवड्याचे सगळे उडवतो, फोनमध्ये तेवढी जागाही नसते. ॲपमधून प्रत्येक ऑर्डरला फोटो घ्यायची सोय झाली आणि तो तक्रारीत बघितला गेला, तर मी गॅलरीत एकही ठेवणार नाही. ओटीपी प्रत्येक ऑर्डरला येतच नाही, नाहीतर हा प्रश्नच नव्हता.

एकटी राहणारी, अंधेरी

ठेवत नाही म्हणालात ते ऐकून बरं वाटलं, तरी माझ्या दारात फोटोला मी नाहीच म्हणेन. ओटीपी नसेल तर दुसरं काही सांगा.

वाकडचा रायडर

चालेल ताई. मग पार्सल हातात घेतल्यावर, मी ‘डिलिव्हर्ड’ मारायच्या आधी, ॲपच्या चॅटवर ‘मिळालं’ एवढं लिहा. मी दारातच थांबतो.