पहिलीच्या मुलांना शिकवण्याची रीत साठीच्या बायकांना का लागू पडत नाही?

निवृत्तबाई

नमस्कार. मी ३१ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. निवृत्तीनंतर पाटण तालुक्यातील आमच्या गावी ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून मी निरक्षर महिलांना शिकवते आहे. वर्गात सात जणी आहेत. सर्वांत धाकटी ४२ वर्षांची आहे आणि सर्वांत थोरल्या काकू ६८ वर्षांच्या आहेत. आठवड्यातून चार दिवस, रात्रीची जेवणे आटोपली की देवळाच्या सभामंडपात आम्ही तासभर बसतो.

पहिलीला जे करत आले तेच मी येथेही केले: ‘ग म भ न’पासून सुरुवात, पाटीवर गिरवणे, मग काना, मात्रा, वेलांटी. तीन महिने झाले. मुळाक्षरे या बायकांनी मुलांपेक्षा लवकर ओळखली, आणि तोंडी हिशेबात तर त्या मलाच मागे टाकतात. अडते ते शब्द वाचताना. ‘बाजार’ हा शब्द ‘बा… जा… र’ असा सुटा वाचून होईपर्यंत सुरुवातीचे ‘बा’ विसरलेले असते. नाहीतर पहिले अक्षर पाहून ‘बादली’ असे बेधडक सांगून त्या मोकळ्या होतात. पहिलीच्या मुलांचे हे अडखळणे दिवाळीनंतर हळूहळू सुटते, यांचे मात्र सुटत नाही. गाण्यातून अक्षरे शिकवायला गेले, तर सगळ्याजणी पदर तोंडाला लावून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत. हा वयाचा दोष मानून धीर धरावा, की माझी रीतच चुकते आहे?

जुनापाटीवाला

बाई, आधी एक अगदी साधी गोष्ट तपासा, ती म्हणजे डोळे. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानात मी मराठवाड्यातील खेड्यांत वर्ग चालवले. पन्नाशीतील एक बाई पाटी लांब धरत, पुस्तक उघडले की जांभया देत, आणि पुढे त्यांनी येणेच सोडले. त्यांना गोडी नाही, अशी नोंद मी वहीत केली. पुढे त्यांच्या मुलाकडून कळले की त्यांना जवळचे दिसतच नव्हते. चष्म्याला आपल्या भाषेत ‘चाळिशी’ म्हणतात हे ठाऊक असूनही चाळिशी उलटलेल्या वर्गात मी तो विचार केला नाही, याची खंत अजून आहे. सभामंडपात रात्री उजेड किती असतो, तेही पाहा.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘कमळ’ आणि ‘बदक’ हे शब्द अक्षरे सोपी म्हणून पुस्तकात आले आहेत, ते वाचायला येण्याची निकड त्या बायकांना नाही. ब्राझीलमध्ये तिथले शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेइरे यांनी १९६३ साली आंजिकोस येथे सुमारे ३०० मजुरांना वाचायला शिकवले, तेव्हा आधी त्या लोकांच्या बोलण्यातील शब्द गोळा केले. ‘वीट’ हा शब्द समोर ठेवायचा, त्यावर गप्पा करायच्या आणि मग त्याची अक्षरे सुटी करायची, अशी ती पद्धत होती. आपल्याकडे रेशन, पासबुक, बचत गट, सातबारा हे शब्द आयते आहेत. मूल शिक्षकाच्या शब्दाखातर ‘बदक’ वाचते. प्रौढ माणूस आधी मनात विचारतो की याचा मला उपयोग काय.

अर्थात हा भेद फार ताणू नये. प्रौढशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७० सालच्या पुस्तकात बालशिक्षण आणि प्रौढशिक्षण एकमेकांसमोर उभे केले होते, पण त्याच्या १९८० च्या सुधारित आवृत्तीत त्यांनीच ती भिंत पाडली. आपल्या कामाचे शिकायला लहान मुलांनाही आवडतेच की.

रफार

वयाच्या दोषाविषयी लिहितो, कारण ‘पिकल्या पानाला काय शिकवायचे’ असे म्हणून हा विषय फार लवकर मिटवला जातो. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ब्राझील व पोर्तुगालमधील प्रौढांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. लेखी अक्षरांना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग मोठेपणी वाचायला शिकलेल्यांमध्येही घडतो, असे त्यात दिसले. २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्याच लिपीचा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरीतून हिंदी वाचायला शिकवले गेले, आणि दृष्टीशी संबंधित असलेल्या मेंदूच्या खोल भागांतही बदल आढळले. तेव्हा दार बंद झालेले नाही.

मग फरक कशाचा? माझ्या मते मुख्यतः तासांचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे लागते. त्यातील तिसरा हिस्सा भाषेला धरला, तरी मुलाला वर्षात अडीचशेहून अधिक तास मिळतात. शिवाय घरचा अभ्यास आणि दिसेल ती पाटी वाचण्याची हौस वेगळी. आपल्या सात जणींना तीन महिन्यांत जेमतेम पन्नास तास मिळाले आहेत, तेही दिवसभराच्या शेतकामानंतर. दिवाळीपर्यंतची मुले आणि या बायका यांची तुलना करताना हा हिशेब आधी मांडायला हवा.

‘बा’ विसरणे हा बुद्धीचा प्रश्न नाही. अक्षर ओळखायला वेळ लागला की शब्द पुरा होईपर्यंत आरंभ मनात टिकत नाही; वेग वाढला की ही अडचण आपोआप कमी होते. म्हणून नवे धडे थांबवून त्याच पाच-सहा ओळी रोज मोठ्याने वाचून घ्याव्यात, त्या झरझर येईपर्यंत. पाठ झाल्या तरी बिघडत नाही, फक्त बोट शब्दाखालून फिरले पाहिजे.

‘बादली’चे मात्र वेगळे आहे. प्रौढाजवळ हजारो शब्दांचा साठा असतो, म्हणून तो अंदाज करतो. ही शक्ती मोडू नका, तिला काम द्या: ‘बाजार, बाजरी, बाजू’ असे सारख्या सुरुवातीचे शब्द शेजारी लिहा, म्हणजे नजर शेवटपर्यंत न्यावीच लागेल. ऱ्हस्व वेलांटीला जास्त वेळ द्या. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, हे आपल्याला सवयीने खटकत नाही इतकेच. आणि कोणी ‘पाणी’ला ‘पानी’ वाचले, तर ती वाचनाची चूक धरू नका.

अण्णानगर

मी शिक्षक नाही. माझी मातृभाषा तमिळ आहे. वयाच्या ३८व्या वर्षी बदलीमुळे पुण्यात आलो आणि सहा वर्षांच्या मुलीबरोबरच मराठी शिकलो. पहिले चार महिने मी पुढे होतो, कारण मी वहीत नियम लिहून वाक्ये जुळवत असे आणि ती मुकाट ऐकत असे. वर्षाअखेरीस ती शेजारच्या मुलांशी भांडत होती आणि मी अजून ‘ती खुर्ची’ की ‘ते खुर्ची’ यात अडकलो होतो, कारण तमिळमध्ये निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष भेद नाही. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ वेगळे आहेत, हे तिने कोणी न सांगता उचलले. मला ते दोन वर्षांनी कळले, आणि ‘भाजी’तला ‘भ’ अजून दर वेळी साधतोच असे नाही. बोलण्यात मुलांना असा लाभ होतो खरा. वाचन मात्र लहानथोर सर्वांना कोणीतरी शिकवावेच लागते, त्यामुळे बोलण्यातले हे अंतर तुमच्या वर्गाला जसेच्या तसे लावता येईल असे मला वाटत नाही.

मला सांगायचे आहे ते हसण्याविषयी. मुलगी चुकली की लोक कौतुकाने हसत आणि पुन्हा बोलायला लावत. मी चुकलो की समोरचा माणूस हिंदीत बोलू लागे. त्यामुळे ज्या शब्दाची खात्री नाही तो मी टाळू लागलो, म्हणजे नेमका सरावच बुडाला. तुमच्या न आलेल्या दोघी कदाचित गाण्याला नव्हे, तर सभामंडपाबाहेरून पाहणाऱ्यांना लाजल्या असतील.

निवृत्तबाई

सर्वांचे मनापासून आभार. तासांचा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता, तो वाचून थोडी ओशाळले. सभामंडप खरोखरच रस्त्याला लागून आहे, आणि येणारेजाणारे थांबून पाहतात. कालपासून आम्ही माझ्या पडवीत बसतो; दोघींपैकी एक जण परत आली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळे तपासले, तेव्हा सातांपैकी चौघींना जवळचा चष्मा लागला. ६८ वर्षांच्या काकूंना पासबुकात रस नाही. त्यांना मोबाइलमध्ये मुंबईच्या लेकीचे नाव वाचून स्वतः फोन लावायचा आहे. नाव ‘ज्योत्स्ना’ आहे. इतकी जोडाक्षरे आत्ताच शिकवावीत, की ते नाव चित्रासारखे ओळखू द्यावे, याविषयी रफार यांचे मत वाचायला आवडेल.

रफार

सध्या चित्रासारखेच ओळखू द्या. ‘ज’ आणि ‘न’ त्यांना येतातच, ते त्यात सापडतात का एवढे विचारा. ‘त्स्ना’ राहू द्या, पुढे मागे येईल.